'झिरो बघा, दादा': पैसे कसे घ्यायचे हे पेट्रोल पंपाकडून शिका



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण माहूरसारख्या तीर्थाच्या गावात छोटा धंदा टाकताना गिऱ्हाइकाकडून पैसे कसे घ्यायचे, यावर बोललो. उदाहरण घेतलं होतं पेट्रोल पंपाचं. वेळेअभावी व्हिडिओत राहिलेला हिशेब इथे सविस्तर देतोय. वही-पेन जवळ ठेवा.

पंपच का?

पहिलं कारण. पंपचालकाचा माल त्याने बनवलेला नसतो आणि भावही त्याच्या हातात नसतो. १६ जून २०१७ पासून देशभर पेट्रोल-डिझेलचे दर रोज सकाळी सहा वाजता बदलायची पद्धत सुरू झाली. ते ठरवते तेल कंपनी. मग नांदेडहून माहूरला निघालेला गाडीवाला ह्या पंपावर न थांबता पुढच्या पंपावर का थांबतो? तिथली वागणूक चांगली आणि माप खात्रीचं, म्हणून.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. टाकीत गेलेलं पेट्रोल परत काढून घेता येत नाही. साडीवाला साडी परत घडी घालून ठेवतो, पण पंपावर तसं नाही. आता स्वतःच्या धंद्याकडे बघा. कपातला चहा, कापलेले केस, काढलेली झेरॉक्स, माहूरच्या बाजारात गिऱ्हाइकासमोर कुटून दिलेला तांबूल, यातलं काय परत घेता येतं? काहीच नाही. म्हणजे पंपाची अडचण तीच तुमचीही अडचण. पंपांनी त्यावर काय उपाय काढले ते बघू.

पंपावरची रीत: दोघांनाही आकडा दिसला पाहिजे

चांगल्या पंपावरचा पोरगा तीन गोष्टी करतो. किती रुपयांचं टाकायचं ते विचारतो आणि आकडा मोठ्याने परत म्हणतो. मग 'झिरो बघा, दादा' म्हणतो. भरून झालं की रक्कम पुन्हा सांगतो. एवढ्याने निम्मी भांडणं जागच्या जागी संपतात, कारण सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा दोघांनी मिळून बघितलेला असतो.

गिऱ्हाइकाचीही रीत असते. इंजिन बंद करायचं, दुचाकीवरून खाली उतरायचं, विडी-सिगारेट लांब ठेवायची, बाटलीत पेट्रोल मागायचं नाही, भरून झालं की गाडी पुढे घ्यायची. आणि मीटरकडे लक्ष ठेवायचं. मीटर फिरत असताना गप्पा मारायच्या आणि नंतर 'कमी टाकलं' म्हणायचं, हे बरं नाही.

बरेच जण शंभराऐवजी एकशे दहाचं टाकायला सांगतात. शंभरच्या आकड्यात काहीतरी गडबड असते, असा समज. पण मशीन बरोबर असेल तर कुठल्याही आकड्याला बरोबरच देतं, आणि चूक असेल तर एकशे दहालाही चूकच देतं. शंका असेल तर खरा उपाय वेगळा आहे. वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप पंपावर असतं, त्यात मोजून दाखवा म्हणायचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपर मागता येतो. हवा आणि पिण्याचं पाणी फुकट मिळायला हवं. तक्रारवही मागितली की दिली पाहिजे.

उद्योजक म्हणून यातून काय घ्यायचं? गिऱ्हाइकाने संशय घेतला म्हणून चिडू नका. त्याला तपासायची सोय द्या. वजनकाट्याचं तोंड गिऱ्हाइकाकडे करून ठेवणारा दुकानदार जास्त विकतो.

पैसे देण्याची पद्धत कशी बदलली

आधी दोनच प्रकार होते: रोख आणि उधार. ट्रॅक्टरवाले, जीपवाले, ट्रान्सपोर्टवाले यांची पंपावर वही असायची. मालकाची चिठ्ठी दाखवून ड्रायव्हर डिझेल भरायचा आणि महिन्याने हिशेब व्हायचा. धंदा ओळखीवर चालायचा.

मग ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आली. ५०० आणि १००० च्या नोटा बंद झाल्या, पण सरकारी तेल कंपन्यांच्या पंपांवर त्या पुढचे काही दिवस चालणार होत्या. लोकांनी पंपावर रांगा लावल्या. शंभरचं पेट्रोल भरायचं, पाचशेची नोट द्यायची आणि चारशे परत मागायचे. पंपवाल्याने सुटे आणायचे कुठून?

त्याच वर्षी १३ डिसेंबरपासून सरकारी कंपन्यांच्या पंपांवर डिजिटल पेमेंटला ०.७५ टक्के सूट सुरू झाली. लोकांनी कार्डं बाहेर काढली. पुढे १ ऑक्टोबर २०१९ पासून क्रेडिट कार्डावरची ती सूट बंद झाली. सवय मात्र राहिली. दुसऱ्याने दिलेल्या सवलतीवर आपला धंदा उभा करू नका, ती सवलत काढून घेणाराही तोच असतो.

यूपीआय २०१६ मध्ये आलं. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराला लागणारं शुल्क शून्य झालं. आता पंपावर गंमत बघा. 'मोबाईल वापरू नका' हा फलक तसाच आहे आणि त्याच्याच शेजारी क्यूआर कोड लटकतोय. म्हणून रीत अशी: गाडी मशीनपासून पुढे घ्या आणि मगच फोन काढा. पंपवाल्यानेही कोड मशीनपासून लांब, ऑफिसच्या बाजूला ठेवावा.

एक टक्का म्हणजे किती?

जानेवारी २०१७ मध्ये काही बँकांनी कार्डाच्या व्यवहारावर पंपचालकाकडून १ टक्का शुल्क घ्यायचं ठरवलं. पंपचालक भडकले आणि कार्ड घेणार नाही म्हणाले. मग सरकार मध्ये पडलं आणि ते शुल्क पुढे ढकललं गेलं.

बाहेरच्याला वाटतं, एका टक्क्यासाठी एवढा गोंधळ? चला, हिशेब करू. समजा १०० रुपयांच्या विक्रीत तुमचे ४ रुपये सुटतात. बँकेने १ टक्का घेतला म्हणजे १ रुपया गेला. तो रुपया तुमच्या चार रुपयांतून गेला. म्हणजे नफ्याचा चौथा हिस्सा संपला. वीज, पगार, दुरुस्ती अजून बाकीच आहे.

आता दुसरा धंदा घ्या. चहाच्या गाड्यावर १०० रुपयांत ४० सुटतात. तिथेही १ टक्का म्हणजे रुपयाच, पण चाळीसपैकी एक. म्हणून कुठलंही मशीन, ॲप किंवा डिलिव्हरी कंपनी 'फक्त इतके टक्के' म्हणाली की ते टक्के विक्रीवर आहेत हे लक्षात ठेवा आणि आपल्या नफ्याशी ताडून बघा.

पैसे आले, तरी व्यवहार संपला का?

हा भाग नीट वाचा. मे २०२५ मध्ये विदर्भ आणि नाशिक भागातल्या पंपचालकांच्या संघटनांनी १० मेपासून डिजिटल पेमेंट घेणं बंद करण्याचा इशारा दिला होता. विदर्भ म्हणजे माहूरच्या शेजारचाच मुलूख, पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. कारण काय? ऑनलाइन फसवणुकीतले पैसे पंपावर खर्च व्हायचे आणि तपासात पंपचालकाचं खातं गोठवलं जायचं.

हे कसं घडतं ते समजून घ्या. कुणीतरी फसवला जातो आणि १९३० या नंबरवर तक्रार करतो. पैसा कुठून कुठे गेला याची साखळी तपासली जाते. त्या साखळीतल्या एकाने तुमच्याकडे पाचशे रुपयांचा माल घेतलेला असतो. मग तेवढी रक्कम अडकते, आणि कधी कधी अख्खं खातंच बंद पडतं. तुम्ही प्रामाणिकपणे माल विकलेला असतो, पण उद्याचा माल उचलायला पैसे नसतात. नवरात्रात किंवा दत्तजयंतीला, गर्दी दारात असताना असं झालं तर? माहूरच्या दुकानदाराची वर्षाची कमाई त्याच दिवसांवर असते.

घाबरून क्यूआर काढून टाकू नका. नागपूरचा किंवा आदिलाबादचा भाविक आज खिशात रोख ठेवतोच असं नाही. त्याऐवजी तयारी करा.

१. यूपीआयचे पैसे घ्यायला वेगळं खातं ठेवा. मालाचे, पगाराचे आणि घरचे पैसे दुसऱ्या खात्यात असू द्या. एक अडकलं तरी दुकान चालू राहील.

२. माल विकल्याशिवाय पैशांची अदलाबदल करू नका. 'दादा, दोन हजार टाकतो, मला अठराशे रोख द्या' म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला हात जोडा. चोरीचा पैसा रोखीत बदलायची ही सोपी वाट आहे.

३. मोठ्या रकमेचं बिल बनवा, छोटंसं का असेना. तारीख, माल, रक्कम. विक्री खरी होती हे दाखवायला तोच कागद कामी येतो.

४. खातं गोठलंच तर बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लेखी मागा, आणि बिल जोडून लेखी उत्तर द्या. नुसतं काउंटरवर भांडून काही होत नाही.

५. गिऱ्हाइकाच्या फोनवरचा हिरवा टिक म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या साउंडबॉक्सचा आवाज किंवा बँकेचा मेसेज येऊ द्या. नेटवर्क गेलं तर काय करायचं हे आधीच ठरवा आणि सुट्यांचा गल्ला तयार ठेवा.

६. रोज सकाळी दुकान उघडलं की स्वतःचा क्यूआर स्वतः एकदा स्कॅन करा. नाव आपलंच येतंय ना? वरून दुसऱ्याचं स्टिकर चिकटवायला एक मिनिट पुरतं.

या आठवड्याचं काम

तीन ओळी लिहा. माझा माल परत घेता येतो का? १०० रुपयांच्या विक्रीत माझे किती सुटतात? उद्या सकाळी माझं खातं बंद पडलं तर मी किती दिवस दुकान चालवू शकतो?

तिसऱ्या ओळीत 'एकही दिवस नाही' असं आलं, तर नवीन माल भरायच्या आधी दुसरं खातं उघडा. आणि पुढच्या वेळी पंपावर थांबलात की तिथला पोरगा आकडा कसा बोलतो, झिरो कसा दाखवतो, पैसे आल्याची खात्री कशी करतो, ते बघून घ्या. दुसऱ्या दिवशी आपल्या गल्ल्यावर तसंच करा.

पुढच्या भागात उधारीची वही: कुणाला द्यायची, किती द्यायची आणि मागायची कशी. भेटूया.