शेकानंतर लघवीचा त्रास : लाजू नका, पाणी तोडू नका

घरातली वडीलधारी माणसे जे दुखणे कुणाला सांगत नाहीत, त्याविषयी आज आम्ही लिहीत आहोत.

पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. लघवीची नळी तिच्यातूनच जाते. या ग्रंथीच्या कॅन्सरवर किरणांचा उपचार करतात. त्याला आपण ‘शेक देणे’ किंवा ‘लाईट देणे’ म्हणतो. तेव्हा पिशवीला आणि नळीलाही थोडे किरण लागतात व आतले अस्तर सुजते.

शेक सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत लघवी वारंवार लागते, जळजळते, धार बारीक होते, रात्री सारखे उठावे लागते. घरचे म्हणतात, उन्हाळे लागले. सब्जा, धण्याचे पाणी दिले जाते आणि डॉक्टरांना सांगायचे राहून जाते. हा त्रास बहुतेकांना शेक संपल्यावर काही आठवड्यांत कमी होतो. तोवर त्यावर औषधे मिळतात. जंतुसंसर्ग आहे का, हेही लघवी तपासूनच कळते.

सणसवाडीहून रोज पुण्याला जायचे आणि नगर रोडवर वाघोलीत गाडी अडकली तर काय, या धास्तीने पुष्कळ जण पाणीच पीत नाहीत. पाणी तोडले की लघवी दाट होते आणि आग वाढते. शिवाय शेक घेताना बऱ्याच ठिकाणी पिशवी भरलेली लागते. भरलेली पिशवी आतड्यांना वर सारते आणि तिचा बराचसा भाग किरणांपासून दूर राहतो. म्हणून निघण्यापूर्वी लघवी करा, वाटेतली थांबण्याची जागा ठरवून ठेवा आणि रुग्णालयात सांगतील त्या वेळी, सांगतील तितके पाणी प्या. चहा कमी करा. दारू, तंबाखू बंद ठेवा. त्रास होतो म्हणून मनानेच शेक अर्धवट सोडू नका.

काहींना महिन्यांनी, वर्षांनीही त्रास होतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचा २२४ रुग्णांवरचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. जास्त धोक्याच्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये ओटीपोटातल्या लसिका ग्रंथींनाही शेक दिल्यावर आजार अधिक आटोक्यात राहिला, पण लघवीचा उशिराचा त्रास वाढला. म्हणून शेक किती भागाला देणार आणि का, हे आधीच विचारा. तो तुमचा हक्क आहे.

लघवी पूर्ण अडली, रक्त किंवा रक्ताच्या गाठी पडल्या, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

खर्चासाठी कंपनीतल्या कामगाराने ईएसआय कार्ड दाखवावे. इतरांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे.

बाहेरून यंत्राने दिलेला शेक अंगात राहत नाही. नातवंडांना खुशाल मांडीवर घ्या. आणि घरच्यांनो, कपडे ओले झाले तर हसू नका, रागावू नका. रात्री उशाशी एक भांडे ठेवा आणि दवाखान्यात सोबत जा.