थंडीतील चांदोलीची सहल आणि आरोग्य

नाताळची सुट्टी जवळ आली की सात रस्त्यावर भल्या पहाटे सहलीच्या गाड्या भरू लागतात. सांगोला, मिरज, शिराळामार्गे वारणावतीला जायचे आणि चांदोलीचे जंगल पाहायचे, असा बेत अनेक कुटुंबे आखतात. १९८५ साली अभयारण्य आणि २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालेले हे जंगल आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. सहल जरूर करावी. पण उन्हाची सवय असलेल्या सोलापूरकरांनी डोंगरातील थंडीची तयारीही करावी.

येथील डोंगर सुमारे हजार मीटर उंचीचे आहेत. विरळ हवेचा त्रास साधारणपणे अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. त्यामुळे चांदोलीत ती भीती नाही. काळजी घ्यायची ती पहाटेच्या गारठ्याची.

थंडीत शरीरातील उष्णता टिकावी म्हणून त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण येतो. वाटेत वारंवार लघवीला जावे लागेल म्हणून काही वडीलधारी मंडळी पाणी आणि रक्तदाबाची गोळी दोन्ही टाळतात. असे कधीही करू नये. चढ चढताना छातीत दाब, हाताला किंवा जबड्याला कळ, दरदरून घाम अशी लक्षणे दिसल्यास ‘गॅस झाला असेल’ म्हणून वेळ घालवू नये. रुग्णाला बसवून ठेवावे व १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. जंगलात फोन लागेलच असे नाही, म्हणून जवळचा दवाखाना आधीच विचारून ठेवावा.

दमेकऱ्यांनी पंप सामानात न ठेवता खिशात ठेवावा. उघड्या जीपमध्ये नाकातोंडावर मफलर घ्यावा. एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घातलेले बरे. मध्ये अडकलेली हवा ऊब धरते. दारूने ऊब येते हा गैरसमज आहे. तिने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीरातील उष्णता उलट लवकर बाहेर जाते.

सर्वांत मोठा धोका मात्र खोलीतच असतो. दारे-खिडक्या लावून पेटती कोळशाची शेगडी जवळ ठेवून झोपू नये. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही की वास नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो घेतो आणि झोपलेला माणूस उठतच नाही. डोके दुखणे, मळमळ, गुंगी जाणवताच सर्वांनी मोकळ्या हवेत यावे.

गवतात बसताना चादर अंथरावी, पूर्ण बाह्यांचे कपडे व मोजे घालावेत. झुडपांतील अतिसूक्ष्म माइटच्या अळ्या चावल्याने ‘स्क्रब टायफस’ हा ताप येतो. तो सहलीहून परतल्यावर एक ते तीन आठवड्यांनीही येऊ शकतो. काख, जांघ, कंबर येथे चावल्या जागी काळी खपली दिसते; पण प्रत्येकाला दिसेलच असे नाही. वेळेत योग्य औषध मिळाल्यास हा आजार बरा होतो. उशीर झाल्यास फुफ्फुसे व मूत्रपिंडांवर परिणाम होतो.

म्हणून परतल्यानंतर महिनाभरात ताप आला, तर दुकानातून गोळी आणून घेऊ नका. डॉक्टरांकडे जा आणि ‘आम्ही जंगलात जाऊन आलो आहोत’ हे न विसरता सांगा. एवढ्या एका वाक्याने निदान सोपे होते.