विक्रांतचे स्मारक



उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मुंबईला मामाकडे गेलो होतो. आपल्या धाराशिव जिल्ह्यात समुद्र नाही. मोठे पाणी म्हणजे मी तेरणेचे धरण तेवढे पाहिले होते. समुद्र पाहून झाल्यावर मामाने मला फोर्ट भागात, नौदलाच्या गोदीच्या लायन गेटजवळ नेले. तेथे पोलादाचे एक स्मारक आहे. मी विचारले, "मामा, हे कोणाचे?" मामा म्हणाला, "माणसाचे नाही रे. हे एका जहाजाचे स्मारक आहे."

विक्रांत ही भारताची पहिली विमानवाहू युद्धनौका. भारताने ती १९५७ साली ब्रिटनकडून विकत घेतली. ४ मार्च १९६१ रोजी ती नौदलात दाखल झाली. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट ताहिलियानी यांनी तिच्यावर 'सी हॉक' विमान उतरवले. तिच्यावर विमान उतरवणारे ते पहिले भारतीय वैमानिक. पुढे ते नौदलप्रमुख झाले. १९७१ च्या युद्धात विक्रांतवरच्या विमानांनी चितगाव व कॉक्स बाजार या बंदरांवर हल्ले केले.

मला एक कोडे पडले. विमानतळाची धावपट्टी दोन-तीन किलोमीटर लांब असते. विक्रांतची सगळी लांबी सुमारे २१३ मीटर. मग विमान तिच्यावरून उडे कसे आणि थांबे कसे?

शाळा उघडल्यावर मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "ज्वारी राखताना पाखरांवर गोफण मारतोस ना? दगड हाताने किती लांब जातो आणि गोफणीने किती?" विक्रांतवर वाफेच्या जोरावर चालणारे असेच एक यंत्र होते. ते विमानाला झटक्यात पुढे फेकी. शिवाय जहाज वाऱ्याकडे तोंड करून वेगाने चाले. पतंग उडवताना आपणही वाऱ्याकडे तोंड करूनच पळतो की!

थांबण्याची युक्ती वेगळी. जहाजाच्या सपाट छतावर आडव्या जाड तारा लावलेल्या असतात. विमानाच्या शेपटीखाली आकडा असतो. उतरताना आकडा तारेत अडकला की पळणारा बैल कासऱ्याने आवरावा तसे विमान आवरते. आकडा हुकला तर वैमानिकाला लगेच पुन्हा वर उडावे लागते. जगात प्रथम युजीन ईली या अमेरिकन वैमानिकाने १८ जानेवारी १९११ रोजी जहाजावर विमान उतरवले. तेव्हा दोरांच्या टोकांना वाळूची पोती बांधली होती!

विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. नंतर काही वर्षे ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. पण लोखंड गंजले, खर्च वाढला. २०१४ साली तिचा लिलाव झाला आणि ती तोडली गेली. तिच्याच पोलादातून कलाकार अर्झान खंबाटा यांनी हे स्मारक घडवले. २५ जानेवारी २०१६ रोजी त्याचे अनावरण झाले.

हे ऐकून मला आमचा नांगर आठवला. आजोबांचा लोखंडी नांगर गोठ्यामागे गंजत पडला होता. ट्रॅक्टर आल्यापासून त्याला कोणी हात लावीना. मुंबईला जाण्याआधी भंगारवाला आला, तेव्हा दादांनी तो तराजूवर घातला. आजोबा काही बोलले नाहीत, उठून आत गेले. त्या नांगरावर आमचे घर जगले होते, हे मला तेव्हा कळले नाही.

मुंबईहून आल्यावर मी दादांना विक्रांतची गोष्ट सांगितली. दादा गप्प बसले. मग माळ्यावरून त्यांनी नांगराचा जुना फाळ काढला. तो विकायचा राहून गेला होता. आजोबांनी तो तेल लावून पुसला. आता तो ओसरीवर टांगला आहे.

सगळेच जुने सांभाळता येत नाही. एवढी मोठी विक्रांतही सांभाळता आली नाही. पण तिचा एक तुकडा ठेवला, म्हणून माझ्यासारख्या मुलाला तिची गोष्ट कळली. २ सप्टेंबर २०२२ रोजी आपल्याच देशात, कोचीला बांधलेली नवी युद्धनौका नौदलात आली. तिचे नावही विक्रांतच आहे.

आलेल्या पालकांना माझी विनंती आहे. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा. आणि मुलांनो, तुमच्या घरात असे काय जुने आहे? त्याची गोष्ट विचारून या आणि पुढच्या अंकात लिहा.