जुन्या आवृत्तीचे शुद्धिपत्र

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी संगणकाच्या गाभ्यावर लिहू लागला, की वाचकांच्या भुवया उंचावणारच. परंतु ज्या चुकीविषयी मी लिहीत आहे, ती समजण्यास किर्द-खतावणीचे ज्ञान पुरेसे आहे.

लिनक्स या प्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनातही तोच असतो. एका प्रोग्रॅमने लिहावे व दुसऱ्याने वाचावे, यासाठी कर्नल ‘पाइप’ नावाची सोय देतो. पाइपात ठरावीक खाने असतात व तेच पुनःपुन्हा वापरले जातात. प्रत्येक खान्यावर काही खुणा असतात. नवी वस्तू ठेवण्यापूर्वी जुन्या खुणा पुसल्या पाहिजेत; जुन्या वहीचे पान वापरताना आपण आधीची बाकी खोडतो, तसेच.

२०१६ साली ४.९ या आवृत्तीत दोन ठिकाणी हे पुसणे राहून गेले. चार वर्षे कोणाचे काही बिघडले नाही. २०२० साली ५.८ मध्ये एक नवी खूण आली: ‘या खान्यातील मजकुराला पुढचा मजकूर जोडावा.’ आता गंमत पाहा. फाइलचे स्मृतीतले पान नक्कल न करता थेट खान्यात ठेवण्याची सोय आहे. खान्यावर ती जुनी खूण उरली असेल, तर पुढे लिहिलेला मजकूर त्या पानावरच चढतो, मग ती फाइल केवळ वाचण्यासाठी का असेना! साध्या वापरकर्त्याला यंत्राचा मालक होण्यास एवढे पुरे.

ही चूक माक्स केलरमान यांना सापडली. एप्रिल २०२१ मध्ये एका ग्राहकाची तक्रार आली, की नोंदींची दाबून ठेवलेली फाइल उघडत नाही. अशा आणखी फाइली मिळाल्या. बहुतेक महिनाअखेरच्या, आणि बिघाड शेवटच्या आठ बाइटांत! रोजच्या फाइली जोडून महिन्याची एक फाइल बनत असे. तिचा शेवटचा मजकूर अखेरच्या दिवसाच्या फाइलवर चढत होता. महिनाअखेरीस ताळा न जमण्याचे दुःख आम्हा वाणिज्यवाल्यांना कोणी सांगायला नको.

दुरुस्ती म्हणजे दोन ठिकाणी एकेक ओळ: खुणा शून्य करा. मग काम संपले का? नाही. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत चूक सुधारली, तरी ग्रंथालयातल्या जुन्या प्रती तशाच राहतात. त्यांना शुद्धिपत्र चिकटवावे लागते, आणि त्यात पान ४० म्हटलेले जुन्या प्रतीत पान ३७ वर असते. कर्नलमध्ये यालाच बॅकपोर्टिंग म्हणतात. नियम असा, की दुरुस्ती आधी मुख्य आवृत्तीत हवी आणि ती लहान हवी, शंभर ओळींच्या आत. आजूबाजूच्या ओळी बदललेल्या असल्या, तर ती हाताने बसवावी लागते. ५.८ पूर्वी ती खूणच नव्हती, म्हणून तेथे घाई नव्हती. पण एखाद्या कंपनीने नव्या सोयी आपल्या जुन्या कर्नलमध्ये आणल्या असतील, तर केवळ आकड्यावर विसंबता येत नाही. मला हेच काम मूळ दुरुस्तीपेक्षा कठीण वाटते, जरी नाव मात्र शोधणाऱ्याचेच होते.

२३ फेब्रुवारी २०२२ रोजी ५.१६.११, ५.१५.२५ व ५.१०.१०२ या आवृत्त्यांत दुरुस्ती आली. ‘डर्टी पाइप’ या नावाने जगाला ती चूक कळली ७ मार्चला. म्हणजे मूळ कर्नल वापरणाऱ्याने नुसते ५.१० पाहून भागत नाही. पुढे १०१ आहे की १०२, हे पाहावे लागते.