हौदास पाणी का आले नाही?

पुण्यात राहणाऱ्या आमच्या बहुतेक वाचकांनी कात्रजचा तलाव पाहिला असेलच. इ. स. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी तेथील पाणी जमिनीखालील बांधीव नळातून शनिवारवाड्यापर्यंत व शहरातील हौदांपर्यंत आणविले. पंप नाही, इंजिन नाही. केवळ उताराच्या बळावर पाणी वाहत येई. या नळावर ठिकठिकाणी लहान मनोरे बांधलेले असत. त्यांस उच्छ्वास म्हणतात. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे व आत डोकावून पाणी पाहताही येई.

आता समजा, एके दिवशी हौद कोरडा पडला. शहाणा मनुष्य लगेच हौद फोडावयास घेणार नाही, किंवा तलाव आटला अशी दवंडीही पिटणार नाही. तो हौदापासून मागे मागे एकेक उच्छ्वास पाहत जाईल. ज्या दोन उच्छ्वासांपैकी मागच्यात पाणी आहे व पुढच्यात नाही, त्या दोहोंच्या मध्येच दोष आहे, हे तेव्हाच ठरले. हीच रीत एका अगदी आधुनिक कामी आम्हांस कशी उपयोगी पडली व ती वेळीच न आठवल्यामुळे आमच्या हातून काय अन्याय घडला, ते आज सांगावयाचे आहे.

आपण संगणकावर एखादे संकेतस्थळ उघडतो, तेव्हा आपली मागणी प्रथम वेब सर्व्हरकडे जाते. हा आपल्या हौदासारखा होय. लोकांची गाठ त्याच्याशीच पडते. जगातील पहिला वेब सर्व्हर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेत चालू केला, तेव्हा तो लिहून ठेवलेली पाने जशीच्या तशी देत असे. परंतु ‘अमुक पुस्तक ग्रंथालयात आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर दर क्षणी बदलते. ते कोणीतरी शोधून तयार करावे लागते. हे काम अॅप्लिकेशन सर्व्हर करतो. तो आपला तलाव. दोहोंमधील जोडणी हा नळ.

आमच्या शाळेत विद्यार्थ्यांनी ग्रंथालयाची सूची याच रीतीने तयार केली आहे. एका यंत्रावर अपाची नावाचा वेब सर्व्हर व दुसऱ्यावर टॉमकॅट नावाचा अॅप्लिकेशन सर्व्हर चालतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि सूचीच्या जागी ‘५०३, सेवा उपलब्ध नाही’ एवढेच दिसू लागले. पुस्तकांची देवघेव थांबली. दहावीचे विद्यार्थी हिरमुसले होऊन परतू लागले. वेब सर्व्हर सांभाळणारा गट म्हणे, तलाव आटला; टॉमकॅट सांभाळणारा गट म्हणे, हौद फुटला. इतक्यात कोणास आठवले, की सुट्टीपूर्वी नववीतील एका विद्यार्थ्याने टॉमकॅटची नवी आवृत्ती बसविली होती. झाले! सर्वांची बोटे त्याच्याकडे वळली. प्रयोगशाळेची किल्ली त्याच्याकडून काढून घेण्यात आली, आणि हे लिहिताना संकोच वाटतो, परंतु ती काढून घेणारे आम्हीच होतो.

दोन दिवस अंदाजाने खटपट करण्यात गेले. तिसऱ्या दिवशी आम्ही कात्रजच्या नळाप्रमाणे शोध घेण्याचे ठरविले.

पहिला उच्छ्वास म्हणजे वेब सर्व्हरची नोंदवही. तीत ‘जोडणी नाकारली, क्रमांक १११’ असे स्वच्छ लिहिलेले होते. म्हणजे वेब सर्व्हर जागा होता. तो मागणी पुढे नेत होता, पण पुढचे दार उघडत नव्हते. दुसरा उच्छ्वास म्हणजे टॉमकॅटचे स्वतःचे यंत्र. तेथे बसून ८०८० क्रमांकाच्या दाराने सूची मागितली, तर ती तत्काळ आली. तलाव भरलेला होता! हौद धड, तलावही धड; तेव्हा दोष मधल्या नळातच असला पाहिजे. आमचा नळ टॉमकॅटच्या ८००९ या निराळ्या दाराने येत असे.

आता टॉमकॅटची नोंदवही उघडली. तीत लिहिले होते, की या दारास परवलीचा शब्द आवश्यक आहे व तो दिलेला नाही, म्हणून दार उघडले नाही. याचे कारण असे: २०२० साली या दारात एक मोठी उणीव उघडकीस आली. त्यातून परक्यास आतील फायली वाचता येत असत. ‘घोस्टकॅट’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्यावर उपाय म्हणून त्याच वर्षापासून निघालेल्या आवृत्त्यांत हे दार परवलीच्या शब्दाविना उघडेनासे करण्यात आले. आम्ही दोन्हीकडे एकच शब्द लिहिला व टॉमकॅट पुन्हा चालू केला. तरी ५०३ कायम!

येथे पुष्कळांचा धीर सुटतो व केलेली योग्य दुरुस्तीही ते मोडून टाकतात. आम्ही पुन्हा उच्छ्वास पाहिले. टॉमकॅटच्या यंत्रावरून ८००९ चे दार उघडत होते. वेब सर्व्हरच्या यंत्रावरून उघडत नव्हते. अर्थ उघड होता. त्याच सुधारणेप्रमाणे हे दार आता केवळ १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे घरच्याच माणसांसाठी, उघडत होते. त्यास शाळेच्या आतील जाळ्याचा पत्ता नेमून दिला. तरीही लगेच पाहिले तो ५०३ च! परंतु अपाचीची एक सवय आम्हांस ठाऊक होती. एकदा दार बंद आढळले, की तो पुढील ६० सेकंद तिकडे फिरकतच नाही. आम्ही घड्याळाकडे पाहत बसलो. मिनिट भरले आणि सूची उघडली.

वाचकहो, प्रत्येक बिघाडाची खूण वेगळी असते. जोडणी ताबडतोब नाकारली गेली, तर बहुधा यंत्र जागे आहे, पण त्या दाराशी कोणी बसलेले नाही. काहीच उत्तर न येता वेळ संपला, तर वाटेत एखादी संरक्षक भिंत मागणी गिळते आहे, पत्ता चुकला आहे किंवा यंत्रच बंद आहे. ५०२ दिसल्यास मागून आलेले उत्तर अपुरे वा निरुपयोगी आहे, किंवा दारच उघडले नाही. कित्येक वेब सर्व्हर बंद दारासही हाच क्रमांक देतात. ५०४ दिसल्यास बहुधा दार उघडले, पण उत्तर मुदतीत आले नाही. ही मुदत पुष्कळदा ६० सेकंदांची असते.

दार धड असूनही गर्दीमुळे वाट तुंबते, हेही ध्यानात असावे. टॉमकॅट मुळात एका वेळी २०० मागण्यांपुरतेच सेवक ठेवतो. पुण्यात मुख्य कार्यालय असलेल्या राज्य मंडळाने १३ मे २०२५ रोजी दुपारी एक वाजता दहावीचा निकाल ऑनलाइन जाहीर केला, तेव्हा परीक्षार्थीच पंधरा लाखांहून अधिक होते! असा निकाल एकाच नव्हे तर अनेक संकेतस्थळांवर ठेवतात, त्याचे मर्म हेच. एका हौदावर सारे शहर लोटले, तर भरलेला तलावही कामाचा नाही. पालकांनीही अशा वेळी पान पुनःपुन्हा न उघडता थोडे थांबावे. प्रत्येक नवी मागणी रांग वाढवीतच असते.

असो. त्या विद्यार्थ्याने नवी आवृत्ती बसविली, हे योग्यच केले होते. जुनी ठेवणे धोक्याचे होते. उणीव इतकीच, की त्या बदलाची टीप कोणत्याही वहीत नव्हती. आणि अशी वही त्यास देणे हे आमचे काम होते. आम्ही सर्व वर्गासमक्ष त्याच्याजवळ चूक कबूल केली व किल्ली त्याच्या हाती परत दिली. आता प्रयोगशाळेत एक जाड वही ठेवली आहे. कोणताही बदल केला, की तारीख, वेळ व कारण तीत लिहावयाचे. वहीतील पहिली नोंद त्यानेच आपल्या हस्ताक्षरात केली आहे.

तात्पर्य, वाईट बातमी सांगणारा हौद दोषी नसतो, आणि नळास शेवटचा हात लावणारा मनुष्यही दोषी असतोच असे नाही. बोट दाखविण्यापूर्वी एकेक उच्छ्वास पाहावा.