आधी वॅन आयपी बघा, मग पैसे द्या

नरसीचं दुकान आणि हिंगोलीचं गोदाम एका नेटवर्कवर आणायचं होतं. बिलिंगचा संगणक हिंगोलीत. परतवारी एकादशीला नरसीत नामदेव महाराजांच्या दर्शनाला गर्दी लोटते; त्या दिवशी बिल अडकलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं.

राऊटरवाल्याने छातीठोकपणे सांगितलं, "दोन्हीकडे व्हीपीएन टाकतो, अर्ध्या तासात जोडून देतो." पैसे आधी घेतले. जोडणी झालीच नाही. मग खापर आमच्या पोरावर: त्यानेच काहीतरी दाबलं असेल. इंटरनेट कंपनीच्या कॉल सेंटरचं पालुपद एकच, मोठा प्लॅन घ्या.

खरं कारण राऊटरच्या स्टेटस पानावर दिसलं. वॅन आयपी १००.७१ ने सुरू होणारा, बाहेरून दिसणारा पत्ता भलताच. हिंगोलीतही तसंच. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली कंपन्यांच्या आतल्या नॅटसाठी राखून ठेवले आहेत. आयपीव्ही४चे पत्ते अपुरे पडले, म्हणून एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटला जातो. अशा जोडणीत आपल्या राऊटरवर पोर्ट फॉरवर्डिंग कितीही करा, बाहेरून आलेलं पॅकेट कंपनीच्या नॅटवरच अडतं. आणि इथे तर दोन्ही टोकं नॅटमागे!

हे राऊटरवाल्याला ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. जाब विचारला तेव्हा फोनवर शांतपणे म्हणाला, "तुमच्याकडे स्टॅटिक आयपी नाही, मग कसं होणार?" हेच पैसे घेण्याआधी सांगायला काय झालं होतं? ते वाक्य अजून झोंबतं.

स्टॅटिक आयपी दोन्हीकडे लागत नाही, एकीकडे पुरतो. मिळेल का, ते कंपनीकडून लेखी घ्या. आम्हाला मिळाला नाही, म्हणून पब्लिक आयपी असलेला छोटा सर्व्हर भाड्याने घेतला आणि दोन्ही राऊटर वायरगार्ड या व्हीपीएनने त्याला जोडले. आतून बाहेर जाणारी जोडणी नॅट अडवत नाही. सर्व्हरवर यूडीपी ५१८२० उघडा, आयपी फॉरवर्डिंग चालू करा. दोन्ही राऊटरवर पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवाच. नाहीतर थोडा वेळ काही हालचाल नसली की नॅट ती नोंद पुसून टाकतं आणि सकाळी चाललेलं दुपारी बंद पडतं. दोन्हीकडे १९२.१६८.१ असेल तर एकीकडचं बदला, आम्ही गोदामात १९२.१६८.२० केलं. सर्व्हरच्या अलाउड आयपीजमध्ये त्या त्या राऊटरमागची ही रेंजही लिहावी लागते. एवढं एक राहिलं तर व्हीपीएनचा बोगदा चालू दिसतो आणि बिलिंगचा संगणक मात्र सापडत नाही. राऊटरचा पासवर्ड बदला, सेटिंगचा बॅकअप ठेवा.

पैसे परत मागितले तर म्हणतो, तो व्हिजिट चार्ज होता. पावती त्याने दिलीच नव्हती. तुम्ही पहिल्याच दिवशी घ्या, आणि तिच्यावर "जोडणी चालू झाल्यावर रक्कम देय" असं त्याच्याकडून लिहून घ्या.