शंभर मीटर आणि एक चुकीचा प्रारंभ

२८ ऑगस्ट २०११ रोजी दक्षिण कोरियातील देगू येथे जागतिक मैदानी स्पर्धेतील पुरुषांच्या १०० मीटर शर्यतीची अंतिम फेरी झाली. दोनच वर्षांपूर्वी बर्लिन येथे ९.५८ सेकंदांचा विश्वविक्रम नोंदविणारा जमैकाचा युसेन बोल्ट जिंकणार, याविषयी फारशी शंका कोणास नव्हती. परंतु पिस्तुलाचा बार होण्यापूर्वीच तो सुटला आणि शर्यतीतून बाद झाला.

येथे नियम समजून घेणे अगत्याचे आहे. आवाज कानी पडून शरीर हालण्यास काही काळ लागतोच. म्हणून बारानंतर ०.१०० सेकंदाच्या आत झालेली हालचालही चुकीची धरतात. पाय टेकण्याच्या ठोकळ्यांना जोडलेले यंत्र ती टिपते. २००३ ते २००९ या काळात सर्व स्पर्धकांत मिळून एक चूक माफ असे. काही जण ती हेतुपुरस्सर करून इतरांचे चित्त विचलित करीत, अशी तक्रार होती. २०१० पासून ही सवलत संपली.

सुवर्णपदक बोल्टचाच देशबांधव योहान ब्लेक याने ९.९२ सेकंदांत मिळविले. कांस्यपदक सेंट किट्स व नेव्हिस या चिमुकल्या द्वीपराष्ट्राच्या किम कॉलिन्सला लाभले, तेही वयाच्या पस्तिसाव्या वर्षी! सहा दिवसांनी बोल्टने २०० मीटर शर्यत १९.४० सेकंदांत जिंकली. त्या वेळी मात्र तो ठोकळ्यांवरून सावधपणे, काहीसा उशिराच निघाला होता.